जावेच्या हातातली विजेची कात्री

मला माझ्या जावेचा राग येत नव्हता, हेवा वाटत होता. राग परवडला. तो भांडून मोकळा करता येतो. हेव्याला भांडायला कारणच सापडत नाही, कारण समोरचं माणूस काही चुकतच नसतं. माझी जाऊ चुकत नव्हती, हेच तर माझं दुखणं होतं.

राजुऱ्यात आमचं कूलर बनवायचं दुकान आहे. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला कूलरचं महत्त्व सांगायला नको. थंडी सरायच्या आधीच कामाला हात लागतो आणि मृगापर्यंत जेवायला फुरसत नसते. सासूबाई दारात बसून गिऱ्हाइकाशी बोलतात. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि नवरा मोटर-पंखे बसवतात. पत्र्याचं काम आम्हा दोघी जावांचं. एक टेबलापाशी उभी राहून पत्रा कापते, दुसरी खाली बसून लाकडी हातोड्यानं कडा मोडते, म्हणजे आत दुमडते. यात कापणारीचा मान मोठा. मोडताना वाकडं झालं तर ठोकून सरळ करता येतं, पण चुकीचा कापलेला पत्रा कापला तो कापलाच.

हा मान लग्न होऊन आल्यापासून माझा होता. माझं माहेर कोरपन्याचं. बाप पत्र्याच्या कोठ्या, बादल्या, डबे बनवायचा आणि मी परकर नेसायच्या वयापासून त्याची हातकात्री चालवलेली. नुसत्या नजरेनं गोल कापायची मी. पंख्याच्या जाळीसाठी पत्र्याला जे मोठं भोक पाडावं लागतं, ते मी पेन्सिलीची रेघ न मारता पाडायचे आणि बघणारे बघत राहायचे. मला ते बघणं आवडायचं. का आवडू नये?

जाऊ गडचिरोलीकडची, तलावावर मासे धरणाऱ्या घरातली. घरात ती माझ्या आधीची, तरी मी आले तेव्हा तिला पत्र्यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. कडा मोडायच्या तेवढं मीच तिला शिकवलं. थोरली असून ती खाली बसायची आणि धाकटी असून मी वर उभी. तिनं कधी त्याचं वाईट वाटून घेतलेलं दिसलं नाही. मला तेव्हा ती भोळी वाटली होती.

मग भासऱ्यांनी चंद्रपूरहून विजेची कात्री आणली. दिसायला ड्रिल मशीनसारखी, पण तोंडाशी दोन बोटभर पाती, खालचं पातं स्थिर आणि वरचं खालीवर नाचणारं. एक पट्टी कापून दाखव म्हणून सासूबाईंनी आधी मलाच पुढं केलं. मी हातकात्रीच्या सवयीनं जोर लावून मशीन पुढं ढकललं. पातं अडलं, पत्रा चुरगळला, मशीन कण्हल्यासारखं करून बंद पडलं. माझ्यानंतर जावेनं घेतलं. तिनं जोर लावलाच नाही. मशीन जेवढं पुढं जाईल तेवढं जाऊ दिलं, आपण नुसती दिशा धरली. पट्टी सरळ निघाली.

"हिच्या हातात चालून राह्यली बरोबर," सासूबाई म्हणाल्या. "मोठीलेच दे मशीन."

एका पट्टीवर माझी सगळी वर्षं वाया गेली. मी खाली बसले आणि हातोडा उचलला. त्या दिवशी मोडलेल्या कडांवर इतके घाव पडलेत की तो कूलर ज्याच्या घरी गेला असेल त्याला देव सुखी ठेवो.

त्यानंतर माझं एकच काम झालं, जावेवर नजर ठेवायचं. कधीतरी चुकेल, आणि चुकली की मी सर्वांसमोर बोलेन, एवढीच आशा. ती काम सुरू करायच्या आधी काय काय करायची! पदर खोचायची. हातातल्या काचेच्या बांगड्या काढून खुंटीला अडकवायची. सासूबाई कुरकुरल्या, की सवाष्णीनं हात भुंडे ठेवू नयेत. तर हिनं दंडावर, पार वर, एक एक काळा दोरा बांधला आणि म्हणाली, "आई, सवाष्ण आहो हे दोऱ्यालेही माहीत आहे. बांगडी पात्यात गेली तं हातच राहणार नाई." सासूबाई गिऱ्हाइकाकडं वळल्या. मी असं बोलले असते तर दिवसभर घर डोक्यावर घेतलं असतं.

चामडी हातमोजे घालायची, डोळ्याला चष्मा लावायची. वायर कायम पाठीमागून, खांद्यावरून घ्यायची, कधी पात्याच्या पुढं येऊ द्यायची नाही. पत्रा पातळ असला की दोन पात्यांमधली फट कमी करायची, जाड असला की वाढवायची, आणि त्याच पत्र्याच्या कतरणीवर आधी कापून बघायची. फट चुकली की कापलेली कड दातरते, आणि ती दातरलेली कड मोडताना माझी बोटं कापली जायची. म्हणजे तिच्या नीटपणाचा फायदा मलाच होत होता. हेही मला खुपायचं.

संध्याकाळी तर पाहवत नसे. मशीनचा प्लग काढून ती मांडी घालून बसायची. तोंडाशी अडकलेला कीस ब्रशनं काढायची. पात्यांना तेलाचा थेंब द्यायची, जास्त नाही, जास्त दिलं की कीस चिकटतो म्हणे. बोथट पातं काढून त्याची दुसरी धार पुढं करायची. हवेच्या भोकांतली धूळ सायकलच्या पंपानं उडवायची, आणि आमच्या राजुऱ्यात कोळशाच्या धुळीला काय तोटा. शेवटी पूर्ण वायर हातात घेऊन बोटाबोटानं चाचपायची, कुठं सोललीय का, कुठं चेपलीय का. तिच्या माहेरी जाळं वाळत घालायच्या आधी असंच चाचपतात. तुटलेला एक फास राहिला तर त्यातून सगळी मासोळी जाते. ती डोळे मिटून वायर चाचपायची आणि माझा नवरा, स्वतःच्या बायकोकडं कधी धड न बघणारा माणूस, कौतुकानं बघत राहायचा.

"शिक काही वहिनीपासून," एकदा म्हणाला.

मी त्याला त्या रात्री कांदाभाकरच दिली.

पण माझ्या डोक्यात जाणारी तिची खरी सवय वेगळीच. लाइन गेली की ती मशीनचं बटण मागं ओढायची, बोर्डातला प्लग उपसायची आणि तो मांडीवर घेऊन बसायची. उन्हाळ्यात आमच्याकडं लाइन किती वेळा जाते याला हिशेब नाही. आणि आमच्या गल्लीत काय, पूर्ण तालुक्यात रीत अशी, की लाइन गेली तर कोणी काही बंद करत नाही. पंख्याचं बटण चालू, दिव्याचं चालू, चक्कीचं चालू. नाहीतर लाइन आलेली कळणार कशी? पंखा फिरला की कामाला लागायचं. त्यात ही एकटी प्लग कुशीत घेऊन बसलेली, जसं काही बाळ रडतंय. मी शेजारणीला तिची नक्कल करून दाखवायचे. पदरात लाटणं गुंडाळून जोजवायचे. शेजारीण लोळायची हसून.

दुसऱ्या उन्हाळ्यात ऐन हंगामात तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. ती गेली, लग्न झालं, आणि तिकडं आईला ताप आला म्हणून राहिली. मशीनवर कोण उभं राहणार? भासऱ्यांना मोटरींतून डोकं वर काढायला वेळ नव्हता. सासूबाई माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "ती येईतोवर तूच कर. पण मोडू नको."

ती येईतोवर. हे दोन शब्द मला मिरचीसारखे लागले. मी मनात ठरवलं, एकदा उभी राहिले की हलणार नाही.

आणि गंमत बघा. मी बटण पुढं सरकवलं तर माझ्या हातानं जोर लावलाच नाही. मशीन चालत गेलं, मी मागं गेले. वायर खांद्यावरून घेतलेली होती. ती कधी घेतली मला आठवेना. बांगड्या खुंटीला होत्या. दोन उन्हाळे मी तिच्या चुका शोधत बसले होते, आणि चुका न सापडता बाकी सगळं अंगात शिरलं होतं. मला ते मुळीच आवडलं नाही. पण पट्ट्या सरळ निघत होत्या, आणि जाळीचं भोक तर तिच्याहून गोल. गोलात माझा हात कोणी धरत नाही, आजही.

एके दिवशी दुपारी मी पाणी प्यायला मागं गेले होते. नवऱ्याला एक टोक कापायचं होतं, त्यानं मशीन उचलून बटण पुढं सरकवलं, आणि तेवढ्यात लाइन गेली. या मशीनचं बटण पुढं सरकवलं की तिथंच अडकून राहतं, बोट काढलं तरी. त्यानं आपल्या सगळ्यांच्या रीतीप्रमाणं मशीन तसंच टेबलावर ठेवलं आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसला. सासूबाईंना उकडत होतं. त्या टेबलाच्या पायथ्याशी गार फरशीवर आडव्या झाल्या आणि त्यांचा डोळा लागला.

मी तांब्या ठेवून दारात आले आणि वर पंखा फिरला.

मशीन टेबलावर थडथडलं, सरकत सरकत कडेला आलं आणि खाली पडलं. सासूबाईंच्या कमरेपाशी. पडूनही थांबलं नाही, फरशीवर नाचत राहिलं, आणि त्यांच्या पदराचं टोक पात्यात गेलं. लुगडं चिरत ते त्यांच्या हाताकडं निघालं होतं. त्या दचकून उठायला बघत होत्या, आणि जितक्या हलत तितका पदर आत जात होता. नवरा बाहेरून धावत आला आणि सरळ मशीनच्या तोंडावर हात घालायला वाकला.

"हात नोको लावू!" मी एवढ्या जोरानं ओरडले की तो तिथंच थिजला. मी मशीनकडं गेलेच नाही. मी बोर्डाकडं गेले आणि प्लग उपसला.

सगळं शांत झालं. सासूबाईंचा पदर हातभर उभा फाटलेला होता आणि पातं त्यांच्या मनगटापासून बोटभर दूर थांबलेलं. नवऱ्याच्या तोंडातला खर्रा तसाच राहिला होता. मी प्लग हातात धरून उभी होते.

संध्याकाळी सासूबाईंनी सर्वांसमोर सांगून टाकलं, "मशीन आता लहानीपाशीच राहीन. मोठी आली तरी."

मी वर मान करून भासऱ्यांकडं पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मी जिंकले होते. त्या रात्री नवऱ्याला मी पुरणपोळी करून घातली.

जाऊ आली ती सकाळच्या बसनं. हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी सुकवलेली मासोळी. दारातच सासूबाईंनी तिला सगळं ऐकवलं, पदर दाखवला, मनगट दाखवलं, आणि मशीनचंही सांगितलं. मी टेबलापाशी उभी राहून पत्रा कापत होते. ती भांडली तर काय बोलायचं हे मी दोन दिवस पाठ करून ठेवलं होतं. रडली तर त्यालाही उत्तर तयार होतं.

ती ना भांडली ना रडली. तिनं पिशवी आत ठेवली, पाय धुतले, पाणी प्याली. मग येऊन माझ्या पायाशी, माझ्या जुन्या जागी बसली. कापलेल्या पट्ट्यांतली एक उचलली, कडेवरून हलकेच अंगठा फिरवला, आणि हातोडा घेऊन मोडायला लागली. टक, टक, टक. घाई नाही. कड अशी वळत होती की ठोकल्याचा वळ उमटत नव्हता. मी दोन उन्हाळे मोडलं, माझ्या कडेवर घाव दिसायचेच. हिच्या कडेवर एकही नाही. हे कधी शिकली ही? मी तर हिला नुसतं ठोकायला शिकवलं होतं. मशीन माझ्या हातात होतं, टेबल माझं होतं, सासूबाईंचा शब्द माझा होता, आणि मी मान वाकडी करून तिच्या हाताकडं बघत होते.

तिनं मान वर केली नाही. हातोडाही थांबवला नाही.

"मशीन चालू असली का पत्र्याकडं पाहाव," ती म्हणाली. "माह्याकडं नाई."