सर्व्हेअर काकांचा कॅडेन्झा

सर्व्हेअर काका रेकॉर्डिंग कधीच शेवटपर्यंत ऐकू देत नसत. अठराव्या शतकातला एखादा व्हायोला कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने एका वादकाने वाजवायची रचना, मोबाईलवर लावायचे, डोळे मिटून ऐकायचे, आणि ऑर्केस्ट्रा थांबून वादक एकटाच वाजवायला लागणार, नेमका तेव्हाच बंद करायचे. "बस. याच्या पुढचं त्याचं हाये. आपलं आपण पाहू."

एकट्याने वाजवायच्या त्या भागाला कॅडेन्झा म्हणतात. जुन्या संगीतकारांनी ती जागा बहुतेक वेळा कोरीच सोडलेली. तिथे वादकाने स्वतःचं काही वाजवायचं. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला, जाड आवाजाचा भाऊ. त्याच्यासाठी त्या काळात लिहिलेले कॉन्चेर्टो मोजकेच, आणि त्यातल्या बहुतेकांना काकांनी वणीत बसून कॅडेन्झा लिहिले होते.

काका कोळसा खाणीत सर्व्हेअर होते. तरुणपणी नागपुरात चर्चमधल्या एका बाईंकडे हे वाद्य शिकले आणि नोकरीभर एकटेच वाजवत राहिले. ते निवृत्त झाले त्या वर्षी मी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला गेले. त्यांनी माझा पंजा टेबलावर पसरून पाहिला. "तुले व्हायोला जमते," म्हणाले. विषय संपला.

लिहायला त्यांना जुन्या नकाशांचे पाठकोरे कागदच लागत. पेन्सिलने चार सूर लिहायचे, तीन खोडायचे. काकू चहा ठेवताना म्हणत, "दोन मिनिटाच्या वाजवण्यापायी दोन महिने खोडून राह्यले हे!" काका खोडरबराचा भुगा फुंकत हसायचे.

दिखाऊपणा मात्र त्यांना खपत नसे. मी एकदा ऐटीत वेगवान ताना घेतल्या, तर त्यांनी माझा बो, म्हणजे वाजवायचा गज, धरला. "दुसऱ्याच्या वावरात कायले शिरून राह्यली? या रचनेत जे सूर आले, त्यातच फिर. तेच लय मोठं शिवार हाये."

पुढे मी पुण्याला शिकायला गेले आणि तिथल्या विद्यार्थी ऑर्केस्ट्रासोबत एक कॉन्चेर्टो वाजवायला माझी निवड झाली. काकांनी आठ महिने खपून माझ्यासाठी कॅडेन्झा लिहिला. फार सुंदर होता. पण रोज वाजवूनही तो माझा होईना. प्रत्येक ओळीत मला काकाच ऐकू येत. कार्यक्रमाला पंधरा दिवस उरले असताना मी तो बाजूला ठेवला आणि स्वतःचा लिहिला. त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

काका-काकू वणीहून बसने वर्ध्याला आणि तिथून रेल्वेने पुण्याला आले. पहिल्या रांगेत बसले. ऑर्केस्ट्रा थांबला, मी माझा कॅडेन्झा सुरू केला, आणि दुसऱ्याच ओळीला काकांनी मान खाली घातली. ती शेवटपर्यंत वर आली नाही.

कार्यक्रमानंतर ते मंचामागे आले तेव्हा मला रडू फुटलं. "काका, माफ करा. तुम्ही एवढे महिने..."

"माफी कायले मांगतं वं? वाईट वाटलं मले. खोटं काहून बोलू? पण तो मी माह्यासाठीच लिहिलता. माहे हात आता पयल्यासारखे चालत नाहीत, म्हणून तुह्या हातानं वाजवून घेऊन राह्यलो होतो." मग हात पुढे केला. "आण तुहा कागद."

कागद खिशात घालून ते गेले. परतीच्या प्रवासात बडनेरा येईपर्यंत तो कागद त्यांच्या मांडीवर उघडाच होता, हे काकूंनी मला पुढे सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मी वणीला भेटायला गेले, तेव्हा काकूंनी नकाशांची एक गुंडाळी माझ्यापुढे ठेवली. सगळ्यात वरच्या कागदाच्या पाठीवर माझा कॅडेन्झा होता, काकांच्या रेखीव अक्षरात. प्रत्येक सुरावर कोणतं बोट ठेवायचं त्याचे आकडे होते: एक, दोन, तीन. करंगळीचा चार कुठेच नव्हता.

"त्यायची करंगळी वळे नाही ना," काकू म्हणाल्या. "तरी रोज सकाळी हेच वाजवत."

मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि त्यांचाच व्हायोला घेऊन त्या आकड्यांप्रमाणे वाजवून पाहिलं. करंगळीशिवाय बोटं लांबवर सरकवावी लागत होती, त्यामुळे प्रत्येक सुराला थोडं जास्त थांबावं लागत होतं. माझ्या घाईत जे कधी ऐकू आलं नव्हतं, ते त्या थांबण्यात ऐकू आलं.

आता मी तो तसाच वाजवते. तीन बोटांनी.