बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट

घाटकोपरला घरीच मी दुपारी शिकवणी घेते. भिंतीवर मूळ संख्यांचा तक्ता आहे, दोनपासून सत्त्याण्णवपर्यंत, एकूण पंचवीस. एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानेच पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. एकदा आठवीच्या मुलांना मी फळ्यावर १२३४५६७ लिहून विचारलं, ही मूळ आहे का? आदल्या दिवशी मी तक्त्यातल्या पंचवीसही संख्यांनी भागून पाहिलं होतं. एकानेही भाग गेला नव्हता.

"नसणार," सतरंजीवर अगदी पुढे बसणारी मुलगी म्हणाली.

"मग कशाने भाग जातो?"

"ते माहीत नाही."

"अंदाजपंचे दाहोदरसे गणितात चालत नाही गं," म्हणत मी तिच्या वहीत लाल फुली मारली. सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी तिच्या आईचा फोन आला. "टीचर, ती स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा नाही म्हणते. मला गणित येतच नाही म्हणते. तुम्ही सांगा ना तिला."

माझं डोकंच फिरलं. एका फुलीने एवढं? पण माझ्यापायी कुणी गणित सोडलेलं मला चालणार नव्हतं. ठरवलं, ती संख्या मूळ का आहे हे तिला पायरीपायरीने पटवायचं. कुठे चुकलं ते कळलं की धीर येतो.

पटवायचं तर वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून दाखवायला हवं; त्यापुढे भाजक असलाच तर त्याचा जोडीदार त्याआधीच सापडतो. वर्गमूळ काढलं, तर अकराशे अकराच्या जरा वर. आणि मी तक्ता संपला तिथेच थांबले होते! दीडशेच्या वर भागाकार बाकी होते. मुलांना मोबाईलवर भागाकार करू देत नाही, तर मलाही तो नको. रविवारी सकाळी कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसले. एकशे एकने भागलं, बाकी चव्वेचाळीस. एकशे तीनने नऊ. एकशे सातने फक्त एक, थोडक्यात वाचले. मग एकशे नऊ, एकशे तेरा. मग एकशे सत्तावीस.

बाकी शून्य. भागाकार नऊ हजार सातशे एकवीस.

तीनदा करून पाहिलं. शून्यच. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण त्या पोरीने माझी फुली जन्मभर खरी मानली असती.

सोमवारी सगळ्यांसमोर सांगितलं, "ही बरोबर होती. मी अर्ध्यात थांबले आणि हिला चूक ठरवलं. माझं चुकलं." फळ्यावर १२७ आणि ९७२१ या दोन्ही संख्या लिहिल्या. मला वाटलं, ती खूश होईल. ती हसलीसुद्धा नाही. वही मांडीवर ओढून तिने गुणाकार मांडला आणि एकेक ओळ सावकाश करत गेली. सगळे थांबले. मीही खडू हातात धरून उभी होते.

"बरोबर आहे, टीचर," शेवटी ती म्हणाली. "फॉर्म उद्या भरते. आता अजून एक मोठी संख्या द्या, या वेळी कारणासकट सांगते."