बिबट्याच्या ग्रुपवर वाढदिवस

१२ डिसेंबर. मेथीच्या जुड्या बांधत होते आणि शेजारी मोबाइल थांबायचं नाव घेत नव्हता. आमच्या वस्तीचा हा ग्रुप फक्त बिबट्यासाठी आहे; आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. कुठे दिसला, कुठल्या उसात शिरला, एवढंच लिहायचं. नियम माझा, अ‍ॅडमिनही मीच. त्या दिवशी शेजारच्या भाऊंचा वाढदिवस होता. केक, हार, तलवार घेतलेले फोटो. एकाने शुभेच्छा टाकल्या की सगळ्यांना टाकाव्याच लागतात, नाहीतर माणूस रुसतो. दोनदा बजावलं. उत्तरादाखल आणखी एक केक आला. मग मी ग्रुपच बंद केला. आता फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं. काय शांतता पसरली! मी खूश.

चारच्या सुमारास भाऊ मोटरसायकलचा हॉर्न दाबून धरतच अंगणात आले. गळ्यात हार तसाच.

"वैनी, वाघ तुमच्या घासाच्या बांधावर! तुमचा ग्रुप मेसेजच घेत न्हाई!"

"फोन करायचा ना!"

"तुमचा सारखा बिझी!"

खरंच होतं. ग्रुप का बंद केला, हे विचारणाऱ्यांशीच मी तासभर भांडत होते. आणि धाकटी जाऊ गुरांसाठी तिथेच घास कापायला गेलेली, तिचा फोन घरात चार्जिंगला.

जुड्या टाकून मी भाऊंच्या गाडीवर मागे बसले. बसल्या बसल्या ग्रुप सगळ्यांना खुला केला, लिहिलं, "वाघ आमच्या घासात, जाऊ एकटी, हॉर्न वाजवत या." वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतो, म्हणून शेताशी पोहोचताच गाडीवरूनच ओरडले, "उभी राहा! वाकू नको!"

ती ताडकन उठली, विळा हातात. तेवढ्यात चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले, कुणी डबे बडवले, कुणी ट्रॅक्टर आणला. तिच्यापासून वीसेक पावलांवर शेजारच्या उसाचा पाला हलला आणि बिबट्या आत दिसेनासा झाला. इतकी ओरडले होते की घसा बसला.

जाऊ भाऊंच्या हाराकडे बघून म्हणाली, "भाऊ, एवढी वरात कुणाची?"

"माझा वाढदिवस हाय आज. तुमच्या जाऊबाईंनी कुणाला सांगूच दिलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शुभेच्छांसाठी वेगळा ग्रुप काढला आणि भाऊंना त्याचं अ‍ॅडमिन केलं. बिबट्याचा ग्रुप सगळ्यांना लिहायला खुला ठेवला. भलतं काही टाकणारा मात्र एक दिवस बाहेर. चहा उकळायच्या आत पहिलं 'शुभ प्रभात' आलं, आमच्याच ओसरीवरून. नवऱ्याला काढलं, त्यांचा चहा त्यांच्यापुढे ठेवला आणि राहिलेल्या जुड्या बांधायला घेतल्या.