मी इथंच बसलीय की

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सात रस्त्याला सिग्नलवर उभा होतो. भाचा शिरीष एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली..." मागून हॉर्न वाजत राहिले. मला रडू आलं नाही. आधी राग आला, आणि महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही.

अक्का, माझी थोरली बहीण, शाळेत गणित शिकवायची. उत्तर चुकलं तर चालेल, पायऱ्या दाखवा, असा तिचा खाक्या. पोटात गाठ निघाली तेव्हा आम्ही तिला एका बड्या इस्पितळात नेलं. डॉक्टर रिपोर्ट चाळत शिरीषशीच बोलत होते. "पेशंटला फार सांगू नका, घाबरतात." अक्का समोरच्या खुर्चीत. म्हणाली, "डॉक्टर, मी इथंच बसलीय की. मला सांगा." डॉक्टर हसले. "आजी, तुम्ही फक्त आराम करायचा." पुढच्या खेपेलाही तेच. मग मात्र ती त्या इस्पितळाची पायरी चढली नाही.

वळसंगला एक वैद्य होते. तेल, काढे, कोवळं ऊन, अळणी जेवण. पहिल्या दिवशी त्यांनी निवांत बसून तिचं ऐकलं. झोप लागते का, भीती कशाची वाटते, सगळं विचारलं. येताना अक्का गाडीत चक्क गुणगुणत होती. पुढं एकदा ते म्हणाले, "बाई, जन्मभर राग लई दाबून ठिवलाय तुमी. त्योच गाठ होऊन बसलाय. श्रद्धा ठिवा, इरघळतंय बगा." माझं डोकंच फिरलं. घरी आल्यावर म्हटलं, "अक्का, भोंदू आहे हा."

"असेल," ती म्हणाली. "पण माझा आजार मला सांगतो की. शिरीषला नाही."



ती गेल्यावर शिरीष जुने कागद आणायला इस्पितळात गेला, तर डॉक्टर म्हणाले, "त्यांनी उपचार सोडले ना!" तेराव्याला वैद्य आले, पानात मीठ वाढून घेत म्हणाले, "श्रद्धा कमी पडली." दोघेही नामानिराळे. चूक काय ती मेलेल्या बाईची.

परवा तिच्या खोलीत बसलो होतो. तेलाचा वास अजून आहे. शिरीष तिचा मोबाइल रोज चार्ज करून उशाशी ठेवतो. का, ते मी विचारत नाही. तो वाजला. इस्पितळाचा मेसेज होता, तिच्या नावानं : 'आमच्या सेवेबद्दल आपलं मत कळवा.'

एवढ्या आजारपणात त्यांनी अक्काला स्वतःला काही विचारलं ते हे पहिल्यांदा.