माहेरी निघून गेलेलं घर

केझाया टब्जचं घर पाच वर्षं एका परपुरुषाकडे राहिलं आणि एका रविवारी रुसून माहेरी निघून गेलं, अशी कुजबूज आमच्या नेब्रास्काच्या गवताळ मुलखात कित्येक वर्षं होती. सांगणाऱ्या बायका घराबद्दल आवाज इतका खाली आणायच्या, की कोणाला वाटावं, घराचं पाऊलच वाकडं पडलं!

केझाया अडतीस वर्षांची, बिनलग्नाची. ओहायोत भावाच्या स्वयंपाकघरात राबण्याचा कंटाळा आला म्हणून एक गाय आणि एक चूल घेऊन एकटीच पश्चिमेला आली. सरकारची अट अशी: एकशेसाठ एकर घ्या, त्याच जमिनीवर घर बांधून पाच वर्षं राहा, जमीन तुमची. टोळधाड, वणवे आणि शेजारच्या ऑरिन हॅस्केलचं बेसूर फिडल सोसून तिने पाच वर्षं काढली. मंगळवारी सरकारी साहेब पाहणीला यायचे होते.

शनिवारी ल्यूथर गेज हजर झाला. त्याचा डोळा त्या जमिनीवर पहिल्यापासून.

“बाई, साखळीने मोजलं मी. तुमचं घर ऑरिनच्या हद्दीत आहे. चांगलं चाळीस फूट आत!”

“साखळी तुमची म्हटल्यावर फूटही तुमचेच असणार.”

“मंगळवारी साहेबच मोजतील. मग बांधा गाठोडं आणि जा भावाकडे भांडी घासायला!”

तो गेल्यावर केझायाने गुपचूप मोजून पाहिलं. मेला खरं बोलत होता.

“राहू दे की,” ऑरिन म्हणाला. “मी कुठं भाडं मागतोय?”

“ऑरिन, तोंड मिट आणि बैल आण.”

रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना दोघांनी त्या लाकडी घराखाली डुकराची चरबी चोपडलेले ओंडके सरकवले. पुढे सहा बैल जुंपले. केझाया आतच राहिली. आयत्या वेळी घर सोडलं असं कोणी म्हणायला नको! चुलीवर घेवडा शिजत होता.

“केझाया, जड होतंय! चूल तरी बाहेर काढ!” ऑरिन पुढून ओरडला.

“आधी तू पाठीवरचं फिडल उतरव!”

मागच्या टेकाडावरून गेज बघत होता. बैल घराआड. त्याला दिसलं ते एवढंच: घर धूर सोडत निघालंय आणि खिडकीत केझाया पातेलं ढवळतेय.

मंगळवारी साहेबांच्या साखळीने घर बरोब्बर केझायाच्या जमिनीत निघालं. ओंडक्यांच्या चरांवर तिने आपले परकर वाळत घातले होते. साहेब सभ्य होते, त्यांनी तिकडे बघितलं नाही.

“साहेब, हे घर चालत आलंय!” गेज किंचाळला.

“आपणहून?”

“आपणहून! धूर सोडत!”

“रविवारी चर्चला होतात का?”

“नव्हतो.”

“मग काय घेत बसला होतात?”

साक्षीदार म्हणून ऑरिनने बायबलवर हात ठेवला. “घर बाईंच्याच जमिनीत आहे. डोळ्यांसमोर तर दिसतंय.”

केझायाला कागद मिळाला. गेज मात्र दुकानादुकानांत शपथा घेत फिरला, आणि पुढचं काम दुकानांनी केलं.

खरं एवढंच आहे. तिकडे हद्द मोजायची ती गाडीच्या चाकाला फडकं बांधून, चाकाचे फेरे मोजून; एका फेऱ्याला तेराएक फूट. पहिल्या वर्षी हद्द मोजताना केझाया आणि ऑरिन बोलत बसले होते, आणि तीन फेरे मोजायचे राहून गेले.