मैनेचा गूळ

साताऱ्याच्या दफेदार दिगंबर शेडग्यांनी चंडीगडच्या छावणीत मैना नावाची घोडी पोलोसाठी स्वतःच्या हातानं तयार केली होती. ती भारताच्या संघाकडून खेळावी, एवढाच त्यांचा ध्यास. पंचाहत्तर साली परदेशी संघ सामन्याला आला. पाहुण्यांना घोडे यजमानांनीच द्यायचे आणि निवडीचा पहिला मानही पाहुण्यांचाच, असा रिवाज. म्हणून छावणीतल्या बाकीच्या स्वारांनी आपली चांगली जनावरं मुद्दाम धुळीत लोळू दिली.

"शेडगेजी, आज खरारा नको," सगळ्यांनी बजावलं. पण माणूस हट्टी. "माझी मैना पाहुण्यांसमोर मळकी उभी राहायची नाही!"

पाहुण्या कप्तानानं पहिलं बोट तिच्यावरच ठेवलं.

शेवटच्या मिनिटाला भारतावर गोल झाला, तो मैनेच्याच पाठीवरून. शेडग्यांनी शिकवलं होतं, अगदी तश्शी ती चेंडूपाशी वळली होती.

सामना संपल्यावर ती घामेजलेली आली आणि नेहमीसारखी त्यांच्या खिशाशी नाक घासू लागली. खिशात तिच्या बक्षिसाचा गूळ होता. शेडग्यांनी पाठ फिरवली.

निवृत्तीनंतर कुणी त्या सामन्याची हळहळ केली, की ते चिडत. "हरलो त्याचं काय घेऊन बसलात! तिचा गूळ माझ्या खिशातच राहिला. तिला काय ठाऊक, ती कुणाकडून खेळत होती?"