टेसाला वगळून गेलेली पेपरमिंट

आमच्या डच लोकांच्या चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की घरोघरच्या बापाचा हात खिशात जातो. पेपरमिंटच्या गोळ्या निघतात आणि बाकावर हातोहात पुढे सरकतात. माझा मेहुणा अर्लो विनिया यात कधी चुकला नाही. म्हणून त्या रविवारी त्याने माझ्या बहिणीला गोळी दिली, मला दिली आणि मधे बसलेल्या आपल्या लेकीला, टेसाला वगळलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

भांडण कॉलेजचं होतं. टेसाला नर्स व्हायचं होतं. आमच्या डच लोकांचं कॉलेज घरापासून जवळ. अर्लो तिथेच शिकलेला, त्याचे वडीलही तिथलेच. पोरीने मात्र पार दुसऱ्या राज्यातलं, दुसऱ्याच पंथाच्या बॅप्टिस्टांचं कॉलेज निवडलं.

"बाबा, आपल्या कॉलेजची फी दीडपट आहे," ती जेवताना म्हणाली होती. "आणि नर्सिंगच्या परवाना परीक्षेत त्यांचे जवळजवळ सगळे पास होतात. आपल्याकडे तिघांतला एक आपटतो."

"परीक्षेचं काय घेऊन बसलीस! शिकून माणसाचं पुढे काय झालं ते बघावं. मला बघ."

"बघतेच आहे की रोज," बहीण बटाटे वाढत म्हणाली. "इतिहासाची पदवी घेऊन दुधाचा टँकर चालवतोयस."

"तू मला तिथेच भेटलीस ना?"

"हो, आणि त्याची फी मी अजून भरतेय!"

आम्ही तिघी हसलो. अर्लो हसला नाही.

"तिथे तुला ओळखणारं कोण आहे? तापाने फणफणलीस तर सूप घेऊन कोण येईल?" एवढं बोलून तो ताटावरून उठला.

त्याची भीती खोटी नव्हती. आमच्यात अनोळखी माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात, मग आजोळ, आणि कॉफी संपेपर्यंत कुठलातरी चुलतभाऊ निघतोच. अर्लो तर यात पटाईत. बॅप्टिस्टांचं कॉलेज बघायला गेलो तेव्हा त्याने भेटेल त्याला विचारून पाहिलं. एकही नातं लागलं नाही. परतताना गाडीत तो पडेल आवाजात म्हणाला, "एक माणूस आपलं नाही गं तिथे." मला हसू आलं आणि त्याची कीवही आली.

टेसा हटली नाही. बापाची गोळी उन्हाळाभर तिला चुकवून माझ्याकडे येत राहिली.

ऑगस्टमध्ये "मी येणार नाही" म्हणता म्हणता त्यानेच तिचं सामान गाडीत चढवलं. तिथल्या चॅपलमध्ये नव्या मुलांसाठी प्रार्थना होती. आम्ही चौघं एका बाकावर बसलो. टेसापलीकडे एक कुरळ्या केसांची मुलगी एकटीच बसली होती, रडून डोळे लाल झालेली. प्रवचन सुरू झालं. अर्लोचा हात खिशात गेला. टेसाने मान खाली घातली.

या वेळी गोळ्यांची अख्खी पिशवीच बाहेर आली. आम्हा दोघींच्या मांडीवरून वाकून त्याने ती लेकीच्या हातात कोंबली.

"आधी तिला दे," तो पुटपुटला. "आणि आडनाव विचार."